तुमच्या नावाने मी भरलेला फॉर्म

भाऊजी,

तुमच्या तेराव्याला जेवून उठलेला जो तो हात धुता धुता मला एकच सांगून गेला. "तू शिकलेला होतास म्हणून निभावलं. नायतर डॉक्टरांशी बोललं कोण असतं?" मी मान डोलावत राहिलो. पूर्णा गावचे म्हातारे, दापोड्याचे तुमचे जुने कारागीर, आमचे पडघ्याकडचे पाहुणे, सगळ्यांपुढे डोलावली. एकालाही थांबवून म्हणालो नाही, की डॉक्टरांशी बोलायला मी होतो, हेच तुम्हाला भोवलं.

तुम्ही कसे होतात हे दुसरे सांगतील. मला लोकांना काही सांगायचं नाही. तुम्हाला सांगायचं आहे, आणि ते तुम्ही असताना सांगायला हवं होतं. तीन वर्षांत मला वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकत नाही. रोज ऑफिस सुटल्यावर मी तुमच्याच ओटीवर तर बसत होतो.

अकरावीला मी तुमच्या घरी राहायला आलो तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. तुम्ही गोडाऊनचे पत्रे बसवायचं काम करायचात. सुट्टीत मीही कामाला येतो म्हणून हट्ट धरला, तर तुम्ही मला घेऊन गेलात खरं, पण शिडीला हात लावू दिला नाहीत. "तू खालीच रा. वर चढायला आमी हाव. तुझ्या डोक्यात आभ्यास भरलाय, वारा लागला तं सगला उडून जायचा." वरून तुम्ही मापं ओरडायचात, खाली मी वहीत लिहायचो. तुमच्या माणसांपुढे मला "आमचं मेव्हणं, शिकल्याला माणूस" म्हणायचात. त्या एका शब्दावर मी कॉलेज पूर्ण केलं, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आज ते बोलणं सोपं आहे, म्हणून लिहितो. अवघड आहे ते पुढे आहे.

शिकलेला झालो तसा मी गावाचा फॉर्म भरणारा झालो. रेशनकार्ड, बँकेचं खातं, कोणाच्या मुलीचा प्रवेश, कोणाच्या जमिनीचा अर्ज. माणसं कागद घेऊन यायची आणि मी पेन उघडून बसायचो. हळूहळू मी विचारणं बंद केलं. नाव माहीत, जात माहीत, जन्मतारीख नसली तर एक जून घालायची हेही माहीत. विचारत बसलं तर उशीर होतो. आणि खरं सांगायचं तर, विचारावं लागणं म्हणजे आपल्याला कमी कळतं, असं मला वाटायला लागलं होतं.

मग तुम्ही पडलात. उजेडासाठी बसवलेल्या पारदर्शक पत्र्यावर पाय द्यायचा नाही, हे तुम्हीच प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी बजावायचात. त्या दिवशी तुमचाच पाय त्यावर कसा गेला हे कोणालाच कळलं नाही. पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं, आत पट्ट्या बसल्या, आणि छातीखाली काहीच उरलं नाही. ना हालचाल, ना जाणीव. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं, की मज्जारज्जूची इजा पूर्ण आहे, चालण्याची शक्यता जवळजवळ नाही. मी बाहेर येऊन तुम्हाला आणि बायला सांगितलं, "वेळ लागेल." बाय म्हणजे माझी मोठी बहीण, तुमची बायको. तिने माझ्या तोंडाकडे पाहून विश्वास ठेवला. मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. मी धीर देतोय असं वाटलं.

ठाण्याच्या बाजूला त्या पुनर्वसन केंद्रात तुम्हाला हलवलं, त्या दिवशी तिथल्या थेरपिस्ट बाईंनी माझ्या हातात एक फॉर्म दिला. इंग्रजीत होता. रुग्णाला काय काय परत हवं आहे, त्याच्या दहाबारा ओळी, आणि रुग्णाने महत्त्वाप्रमाणे प्रत्येकीपुढे आकडा घालायचा. पुढची सगळी थेरपी त्यावर ठरणार होती. बाई म्हणाल्या, "त्यांच्याजवळ बसा, एकेक वाचून दाखवा आणि उद्या द्या. घाई नाही."

मी तो तिथेच काउंटरवर, उभ्या उभ्या, पाच मिनिटांत भरला. चालणे, एक. पुढचे आकडे भरभर. खाली सहीच्या जागी तुमचं नाव लिहिलं. तुम्ही त्या वेळी वीस पावलांवर खाटेवर होतात, भाऊजी. जागे होतात. बायला सांगत होतात की शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरतो का गाडी सुरू करतो तेच कळत नाही.

चालणं तुम्हाला हवं नव्हतं असं मी म्हणत नाही. कोणाला नको असेल? पण पहिलं काय हवं होतं, दुसरं काय, हे मी विचारलं नाही. त्या एका आकड्यावर तुमचे दिवस ठरले. पायांना लोखंडी कॅलिपर, कमरेला पट्टा, दोन दांड्यांमध्ये उभं राहणं. खुर्चीतून खाटेवर आपलं आपण कसं सरकायचं, हे तुम्हाला जेमतेम शिकवलं गेलं, कारण वेळ उभं राहण्यात जायचा. आणि तुम्ही तक्रार केली नाहीत. येईल त्याला सांगायचात, "डॉक्टरांनी ठरवलाय, आधी चालायचा." ते डॉक्टरांनी ठरवलं नव्हतं. ते मी ठरवलं होतं, आणि तुम्ही घाम गाळून माझं ऐकत होतात.

घरी आल्यावर तुमच्या कारागिरांनी गोडाऊनचेच पाइप वेल्डिंग करून परसात दोन दांड्या उभ्या केल्या. तुम्ही त्यात उभे राहिलात त्याचा व्हिडिओ मी स्टेटसला ठेवला. त्याआधी लघवीची पिशवी दिसू नये म्हणून तुमच्या कमरेला टॉवेल गुंडाळला. तुम्ही म्हणालात, "अरे, टावेल घसरल, मग काय दिसल ते बघ." सगळे हसले. ऑफिसात पन्नास जणांनी मला शाबासकी दिली. मला, भाऊजी.

त्या दोन वर्षांत तुमची सकाळ कशी जायची ते मला माहीत होतं, कारण ऑफिसला जाताना डोकावलो की पडदा लावलेला असायचा. सात ते नऊ. तुम्हाला कुशीवर वळवून बाय ते सगळं हाताने करायची. छातीखाली तोल नसल्यामुळे तुमचा हात मागे पोचत नव्हता. कधी दोन तासांनीही होत नसे, आणि मग दुपारी, पाहुणा समोर बसलेला असताना व्हायचं. मी आलो की तुम्ही दोघं काहीच बोलत नसायचात. मला वाटायचं, दुःखामुळे.

माकडहाडावरची जखम भरत नव्हती म्हणून मी तुम्हाला दुसऱ्या हॉस्पिटलात सर्जनना दाखवायला नेलं. ते वयस्क होते, घाईत नव्हते. त्यांनी माझ्याकडे न बघता तुमच्याजवळ स्टूल ओढलं. आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावता येते, जखम स्वच्छ राहते, माणूस आपलं आपण करू शकतो, पण हे ऑपरेशन आहे आणि त्याचेही त्रास असतात, असं सगळं त्यांनी साध्या मराठीत सांगितलं. मग विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत. तो क्षण मला विसरता येत नाही. अख्खं गोडाऊन ज्याच्या शब्दावर उभं राहायचं, तो माणूस स्वतःच्या पोटाबद्दल उत्तर देण्याआधी माझा चेहरा बघत होता. मी तुम्हाला ही सवय लावली होती.

मग तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "करा. मना पायजे."

आणि मी इंग्रजीत बोलायला लागलो. तुम्हाला कळू नये म्हणून. म्हणालो, ते खचलेत, त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका, आमच्या घराला ते चालण्याची आशा आहे. डॉक्टरांनी मला मराठीत उत्तर दिलं, तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मला ते खचलेले वाटत नाहीत. कंटाळलेले वाटतात. आणि आशा घराला आहे की त्यांना?"

घरी येऊन ओटीवर आपलं जे भांडण झालं ते अर्धंच राहिलं. मी मनात अजून करतो.

"पोटाला पिशवी लावणार? आणि उद्या चालायला लागलात मग?"

"चालत कुटं जाऊ? संडासला?"

बाय आतून हसली. मी हसलो नाही. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना दाखवनार हाय का मी? शर्ट घालतो ना."

"देवाच्या कामाला कसे बसणार?"

"देवानं मना वरून खाली टाकला तवा त्याला काय वाटला न्हाय. आता पिशवीचा काय वाटनार?" मग तुम्ही थट्टा सोडलीत. "आयक. माझा हात फुडं पोचतो, मागं पोचत न्हाय. पिशवी फुडं आसते. माझा मी करीन. तुझी बहीन माझी बायको हाय. दोन वर्सं ती सकालची माझी बायको नसते. मना माझी सकाल पायजे. चालायचा नंतर बघू."

मी काय म्हणालो आठवतं? "तुमची मनःस्थिती आत्ता ठीक नाही. आत्ता काही ठरवू नका." हे वाक्य मी कुठल्याशा पुस्तिकेत वाचलं होतं. शिक्षणाचा असा उपयोग मी केला.

एवढ्यावर थांबलो नाही. तुमच्या थोरल्या भावाला गाठलं, भावकीतली चार माणसं गोळा केली. आपल्याकडे घरातला मोठा निर्णय पुरुष ओटीवर बसून घेतात आणि मग आत सांगतात. तसंच केलं. तुम्ही आतल्या खोलीत, दार अर्धं उघडं. चहा झाला. आतडं पोटावर काढणं हे काही माणसासारखं नाही, असं ठरलं. कोणी आत येऊन तुम्हाला विचारावं असं कोणाच्या मनात आलं नाही. निकाल सांगायला शिकलेला म्हणून मला पाठवलं.

तुम्ही छताकडे बघत होतात. "झाली मीटिंग?"

"झाली."

"मग? मी काय ठरवला?"

मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. मी म्हणालोही, "भाऊजी, थट्टा नको." तुम्ही पुढे तीन आठवडे माझ्याशी बोलला नाहीत.

बोललात ते ऑपरेशन झाल्यावर. तुम्ही बायला घेऊन, तुमच्या कारागिराच्या टेम्पोतून, सरळ त्या डॉक्टरांकडे गेलात आणि स्वतः सही केलीत. मला ऑफिसात बायचा फोन आला. "त्यांना आत नेलाय. तू ये, नायतर नको येऊ. मी हाय हितं." मी गेलो नाही. दोन दिवस गेलो नाही. हे तेराव्याला आलेल्या कोणालाच माहीत नाही. ज्या दोन दिवसांत शिकलेल्या माणसाची खरोखर गरज होती, तेव्हा तो पूर्ण्याच्या गोडाऊनमधल्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे रुसून बसला होता. परिचारिकेने पिशवी कशी रिकामी करायची, कातडी कशी जपायची हे शिकवलं ते बायने आणि तुम्ही शिकलात. बाय सातवी शिकलेली. काही अडलं नाही.

तुम्ही घरी आल्यावर पंधराएक दिवसांनी मी सकाळी आठला मुद्दाम आलो. पडद्याची वेळ. पडदा उघडा होता. तुम्ही खुर्चीत दारात बसला होतात, बाय पायरीवर, दोघांच्या हातात चहा, आणि तुम्ही भांडत होतात. विषय काय, तर सुक्या मासळीला कोणाच्या आईच्या हाताला जास्त चव. बाय म्हणत होती, "तुमची आई मीठ टाकायची का मिठागर?" तुम्ही म्हणत होतात, "मेल्या बाईला नावं ठेवते, बघ, बघ हिला."

मी फाटकाशी उभा राहिलो. दोन वर्षांत बायला तुमच्याशी भांडताना मी पाहिलं नव्हतं. आजाऱ्याशी कोणी भांडत नाही. त्याला समजून घेतात, कुशीवर वळवतात, पुसतात. भांडायला नवरा लागतो. त्या फॉर्मवर अशी ओळ नव्हती, पण तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही जे सांगितलं असतं, ते हे असतं. मी आत आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "या मेव्हणं. तुमचा न्याय हवा हाय, मासळीवर." जणू काही झालंच नव्हतं. माफी मागायची वेळ ती होती. मी म्हणालो, "चहा आहे का?"

तुम्हाला पुढे नऊ महिने मिळाले. जखम भरली. तुम्ही दापोड्याला साइटवर जायला लागलात, खाली खुर्चीत बसून वरच्यांना शिव्या घालायला लागलात. पुतण्याच्या हळदीत बँजोवर तुमची खुर्ची दोघांनी एवढी नाचवली, की बाय ओरडली, "पाडाल त्यांना!" आणि तुम्ही ओरडलात, "पडून झालाय माझा!" ते नऊ महिने चांगले गेले, याचं श्रेय माझं नाही. आणि त्याआधीची दोन वर्षं तशी जाऊ शकली असती, याचा दोष मात्र माझा आहे. हा हिशेब मला कोणी मांडून दाखवलेला नाही. पण तो खोडताही येत नाही.

मग लघवीचा संसर्ग मूत्रपिंडात चढला. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात ताप उतरला की तुम्ही बोलायचात. एकदा माझा हात धरून म्हणालात, "तू व्हतास म्हनून रे. आमाला कोन उभा करनार व्हता डॉक्टरांफुडं?" फॉर्मची गोष्ट माझ्या तोंडात आली होती. मग वाटलं, तापात त्यांना कशाला त्रास. म्हणजे पुन्हा तुम्हाला काय झेपेल, काय नाही, ते मीच ठरवलं. भाऊजी, तुमच्या मरणापर्यंत ती खोड गेली नाही.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी बायने तुमच्या फायली माझ्यापुढे आणून टाकल्या. "ह्यातला ठेवायचा काय, टाकायचा काय, बघ." पुनर्वसन केंद्राच्या फायलीत पहिलाच कागद तो होता. माझं अक्षर, तुमचं नाव. मी तो दुमडून खिशात घातला. बाय तांदूळ निवडत होती, तिने पाहिलं नाही. दोन फायली आणखी चाळल्या आणि मला पुढे जाता येईना. कागद काढून तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. काउंटर, पाच मिनिटं, चालण्यापुढचा एक.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने कागद उलटासुलटा करून पाहिला. इंग्रजी तिला येत नाही. म्हणाली, "वाच. सगला वाच."

मी वाचू लागलो. चालणं, एक. हाताची ताकद, दोन. पाठीचं दुखणं, तीन. खुर्चीतून खाटेवर सरकणं, चार. लघवी, पाच. संडास, सहा. ती प्रत्येकाला नुसतं "हं" म्हणत होती. सहाला तिने ताटातला हात थांबवला, मग परत चालू केला. एका ओळीशी मी अडखळलो आणि ती सोडून खालची वाचली.

"मधली सोडलीस."

"काही नाही त्यात."

"वाच."

भाऊजी, मी तिचा धाकटा भाऊ आहे. तिच्यापुढे ते शब्द मी जन्मात उच्चारले नसते. खाली बघून वाचलं. नवराबायकोचे संबंध.

"तितं कितवा टाकलास?"

"आकडा नाही टाकला."

"मग?"

"लागू नाही, असं लिहिलंय."

 तिने ताट बाजूला ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, राग होता की काय होतं मला सांगता येणार नाही. कारण मी वर बघितलंच नाही. आवाज मात्र तिचा रोजचाच होता, दारावर आलेल्या माणसाला कुठून आलास म्हणून विचारावं तसा.

"ह्या तुना कोनी सांगला?"

"कोनी न्हाय, बाय," मी म्हणालो.